हलक्या वाऱ्याचं शीड

वारा नसला की शिडाची होडी चालत नाही, एवढं मला होडी घेण्याआधीही माहीत होतं. वारा असला तरी ती चालेलच असं नाही, हे घेतल्यावर कळलं. आमच्या तलावावर वारा येतच नाही असं नाही. येतो. पण एखादा माणूस चुकून भलत्याच मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडतो, इकडेतिकडे बघतो आणि परत आत शिरतो, तसा येतो. तेवढ्यात काय ते उरकून घ्यायचं.

त्यामुळे माझा रविवार ठरलेला असे. सकाळी शीड लावून ऐटीत निघायचं, तलावाच्या मध्यावर जाऊन थांबायचं, आणि उन्हं चढली की वल्ही मारत परत यायचं. धक्क्यावरची मंडळी सुरुवातीला मला बघून हात हलवायची. हल्ली नुसती मान हलवतात. संध्याकाळी घरी उजव्या खांद्याला मलम चोळून घ्यायचं, आणि चोळायचं काम आमच्या हिचं. लग्नात आपण बऱ्याच गोष्टी कबूल केल्या होत्या, पण त्यात हा खांदा नव्हता, असं तिचं म्हणणं आहे. मला ते आजवर खोडून काढता आलेलं नाही.

एका रविवारी मलम संपलं. तिने ट्यूब पिळली, गुंडाळली, शेवटी कात्रीने कापून आतलं बोटाने काढलं. तेवढ्यात आतून घंटी वाजली. कमरेचं दुखणं झाल्यापासून माझ्या आईच्या उशाशी एक छोटी घंटी ठेवलेली आहे. पाणी हवं असलं की आई ती वाजवते, खिडकी लावायची असली की वाजवते, आणि मघाशी आपण घंटी कशासाठी वाजवली होती हे विचारायलाही वाजवते. ही मलमाच्या हाताने आत जाऊन आली. मग दाराची बेल वाजली, तिकडे जाऊन आली. मग वसतिगृहातून मुलीचा फोन आला, की तिचा निळा स्वेटर कुठे आहे. स्वेटर मुलीकडेच होता. तो कुठल्या बॅगेत आहे ते हिने सांगितलं आणि परत येऊन माझ्यामागे बसली.

"आता पुरे," ती म्हणाली. "महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी स्वतः येते तुमच्याबरोबर. मला समोरच्या काठावर नेऊन आणा. शिडावर. वल्ह्याला हात लावायचा नाही. नेलंत तर ठेवा होडी, जन्मभर खांदा चोळीन. नाही नेलंत तर डॉक्टरांना देऊन टाका."

डॉक्टर म्हणजे आमच्या तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांचा माझ्या होडीवर बरेच दिवस डोळा होता. त्यांना ती पाण्यात न्यायची नव्हती. दवाखान्याच्या दारात ठेवून, आत माती भरून, फुलझाडं लावायची होती. डोलकाठीवर वेल चढवायचा, असंही एकदा त्यांनी जिन्यात मला सांगितलं. माझ्या दाढेत तेव्हा त्यांनीच भरलेलं सिमेंट ओलं होतं, त्यामुळे मला उत्तर देता आलं नाही.

आता होडी इतकी कशाला जिवाला लावून घ्यायची, असं कुणी विचारेल. ऑफिसात माझ्या हाताखाली कुणी नाही. घरात टीव्हीचा रिमोट माझ्या हाताला लागत नाही. ह्या जगात मी डावीकडे वळवली की डावीकडे वळणारी ती एकच वस्तू होती. म्हणजे वारा असला तर. तिच्यात माती भरलेली मला बघवली नसती.

तेव्हा उपाय शोधणं भाग होतं, आणि उपाय पुस्तकात होता. मंद वाऱ्यात नेहमीच्या शिडावर भागत नाही, जादा शीड लागतं. त्यातही प्रकार आहेत. पुढच्या बाजूला लावायचं मोठं जेनोआ, फुग्यासारखं फुगणारं स्पिनेकर, आणि ह्या दोघांच्या मधलं एक, ज्याचं नाव पुस्तकाच्या प्रत्येक पानावर वेगळं होतं. पण एका बाबतीत सगळ्या पानांचं एकमत होतं. कापड पातळ हवं. जितकं पातळ तितकं बरं. ही ओळ मी पेन्सिलीने अधोरेखित केली होती, हे मुद्दाम सांगतो. पुढे जे झालं ते अज्ञानाने झालं नाही.

बंदराच्या गावी शिडांचं एक दुकान आहे, तिथे फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, "तुमच्याकडे वारा किती असतो?"

"असतो कधीकधी," मी म्हणालो.

"आकड्यात सांगा."

"शून्याच्या वर," मी म्हणालो. त्यावर त्याने फोन कुणाकडे तरी दिला, त्या कुणीतरी आणखी कुणाकडे दिला, आणि शेवटी एका बाईंनी कापडाचे नमुने पाठवते म्हणून सांगितलं.

नमुने आले आणि जेवणाच्या टेबलावर मांडले गेले. माझं चुकलं ते इथे. ते मी ऑफिसात उघडायला हवे होते. आमच्या घरात कापड टेबलावर आलं की ते सगळ्यांचं होतं. हिने पहिला नमुना उचलला, चिमटीत धरून चोळला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "ह्यातून तुम्ही दिसताय."

"पातळच लागतं ते."

"एका धुण्यात जाईल."

"अगं, शीड कुणी धूत नाही."

"म्हणजे तसंच मळकं वापरणार?"

वरच्या मजल्यावरचे काका तेवढ्यात वर्तमानपत्र परत द्यायला आले. काकांची सगळी नोकरी पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात गेली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही अडचणीकडे ते पंप म्हणून बघतात. त्यांनी नमुना ओढून पाहिला. "अहो, वारा म्हणजे तरी काय, एक प्रकारचा दाबच," ते म्हणाले. "दाबाला माल मजबूत लागतो. ह्याचा पाइप केला तर पहिल्याच दिवशी फुटेल." पाइप करायचा नाहीये, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि परत म्हणाले की फुटेल.

आतून घंटी वाजली. आईला सगळं ऐकू गेलं होतं. "घेतोच आहेस तर वाढत्या अंगाचं घे," ती म्हणाली.

"आई, होडी वाढत नाही."

"तू पण नाही वाढणार असं वाटलं होतं एकदा."

आता खरं सांगतो. माझंही मन होईना. ज्या घरात चादर घेतानाही दुकानदाराला आधी उलटी बाजू दाखवायला सांगतात, त्या घरात माझं सगळं आयुष्य गेलं. तो कागदासारखा तुकडा हातात धरला की पुस्तकातली ती ओळ पुसट व्हायला लागायची. एवढे पैसे द्यायचे आणि आपला हात पलीकडून दिसणार? शेवटी आमच्या पडदेवाल्याला बोलावलं.

पडदेवाला जाड कापडांचे गठ्ठे घेऊन आला आणि त्याने सगळ्यात आधी विचारलं, "खिडकी कुठली?" खिडकी नाही, होडी, असं सांगितल्यावर तो अजिबात दचकला नाही. त्याने मला पुठ्ठ्यावर आकार काढायला लावला, तो उलटा धरून पाहिला, आणि घेर किती ठेवायचा ते विचारलं. घेर नको म्हटलं तर नाराज झाला. ही आणि तो बराच वेळ कापडाबद्दल बोलत होते. मी मध्ये काही बोललो की दोघंही माझ्याकडे बघून थांबत आणि मी गप्प झालो की पुढे चालू करत. शेवटी एक विटकरी रंगाचं कापड पसंत पडलं. उन्हात रंग उडणार नाही, डाग दिसणार नाही आणि दहा वर्षं बघायला नको, अशी त्याची ख्याती होती.

शीड शिवून आलं ते दोघांनी उचलून आणलं. पडदेवाल्याने आपल्या मनाने त्याला अस्तर लावलं होतं. कडेला दुहेरी शिलाई होती आणि वरच्या बाजूला पितळी कड्या होत्या. "कड्या सवयीने लागल्या," तो म्हणाला, "पण दिसतायत छान." आईच्या म्हणण्याचा मान राखून माप सगळ्या बाजूंनी हातभर वाढवलेलं होतं. ते हॉलमध्ये पसरलं तेव्हा हॉल संपला आणि शीड उरलं. ही त्याच्यावरून हात फिरवत म्हणाली, "ह्याला म्हणतात कापड." आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याबद्दल ती त्या सुरात कधी बोललेली नाही.

तोवर इकडे बोट क्लबचं सुरू झालं होतं. जादा शीड वापरायचं तर क्लबची मंजुरी लागते, असं सेक्रेटरींनी सांगितलं. मंजुरीसाठी शीड मोजावं लागतं. मोजायला मोजमाप समिती आहे. समितीत एकटे सेक्रेटरीच आहेत, तेव्हा आत्ताच मोजू या, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "मी आत्ता सेक्रेटरी म्हणून बसलोय. समिती शुक्रवारी बसते." शुक्रवारी समिती बसली, पण टेप खजिनदारांकडे होती आणि खजिनदार मुलीच्या बाळंतपणाला गेले होते. मी माझी टेप पुढे केली. ती चालणार नव्हती, कारण ती माझी होती. अखेर बाळंतपण सुखरूप पार पडलं, आजोबा टेप घेऊन परतले, आणि माझं शीड क्लबच्या इतिहासातलं सर्वांत वजनदार शीड म्हणून मंजूर झालं. सेक्रेटरींनी हे कौतुकाने सांगितलं की कसं, ते मला नीट कळलं नाही.

शेवटच्या रविवारच्या आदल्या आठवड्यात मी काकांना घेऊन गुपचूप तालीम केली. मध्यावर पोचलो, तिथे बऱ्यापैकी वारा होता, आणि मी ते शीड वर चढवलं. चढवताना डोलकाठी कण्हली. वर गेल्यावर शीड सरळ खाली लोंबत राहिलं. वारा आला, शिडाला लागला आणि बाजूने निघून गेला. काका म्हणाले, "दाब कमी पडतोय." मग वरची गाठ सुटली आणि सगळं शीड काकांच्या अंगावर आलं. आतून ते बराच वेळ काहीतरी सांगत होते. अस्तरामुळे ऐकू येत नव्हतं. त्यांना बाहेर काढेपर्यंत शिडाचा निम्मा भाग पाण्यात गेला होता, आणि ओलं शीड आणि कोरडे काका असे मिळून मी वल्हवत परत आणले.

त्या संध्याकाळी खांदा नुसता ठणकत होता. पण हिला सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर तालीम कळणार, तालीम कळली की निकालही कळणार. नवीन मलम आणून मी न्हाणीघरात कडी लावून स्वतःच्या हाताने स्वतःचा खांदा चोळायचा प्रयत्न केला. माणसाचा हात तिथपर्यंत पोचत नाही. बाहेर आलो तर सगळ्या घराला मलमाचा वास येत होता. हिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवशी मी बंदराच्या दुकानाला फोन केला आणि पातळातलं पातळ शीड ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं. बायकोपासून लपवून माणसं काय काय करतात म्हणतात. मी हे केलं.

आमचं ऑफिस विम्याचं, त्यात मी दाव्यांच्या विभागात. पार्सल आलं ते साहेबांसमोरच. "पॅराशूट का?" त्यांनी विचारलं. मग त्यांनाच हुरूप आला. त्यांनी एक कोपरा धरला, टायपिस्ट बाईंनी दुसरा धरला, तिसरा मी धरला, आणि कुणीतरी उभा पंखा सगळ्यात मंद गतीवर लावला. शीड एका क्षणात भरलं. पांढरं, गोल, कसलाही आवाज न करता. टायपिस्ट बाई दोन पावलं पुढे ओढल्या गेल्या. टेबलावरचे आगीचे दावे आणि पुराचे दावे उडून एकमेकांत मिसळले, ते वेगळे करायला मला शनिवारी बसावं लागलं. पण मला त्याचं काही वाटलं नाही. पुस्तकातली ओळ खरी होती. आता फक्त वाऱ्याने रविवारी यायचं होतं.

रविवारी आम्ही निघालो. आईपाशी वरच्या मजल्यावरच्या काकू बसल्या होत्या. हिने बरोबर छत्री, थर्मास आणि सँडविचं घेतली होती. मी विटकरी शीड खांद्यावर घेतलं, कारण ते तिने पसंत केलेलं होतं आणि तेच लावलं जाणार अशी तिची समजूत होती. पांढरं माझ्या ऑफिसच्या बॅगेत घडी करून होतं. धक्क्यावर दातांचे डॉक्टर आधीच येऊन थांबले होते आणि होडीची लांबीरुंदी घेत होते. माती किती लागेल त्याचा अंदाज हवा, म्हणाले. माझी टेप बेकायदेशीर ठरवणारे सेक्रेटरी त्यांच्या टेपचं दुसरं टोक धरून उभे होते.

मध्यापर्यंत गेलो आणि वारा पडला. मी कर्तव्य म्हणून विटकरी शीड चढवलं. ते लोंबलं. पाणी इतकं स्थिर होतं, की लोंबणारं शीड खालीही दिसत होतं. मी हिच्याकडे बघायचं टाळलं. तिने थर्मास उघडला आणि परत बंद केला. मग म्हणाली, "आता?"

"आता काय. वारा येईपर्यंत थांबायचं."

"इथे फोन लागतो का?"

"नाही."

"म्हणजे कुणाचा येणार पण नाही?"

"कुणाचा येणार?"

"आणि इथे कुणी येत नाही."

"इथे कोण येणार," मी म्हणालो. मला वाटलं, ही कुणाला तरी मदतीला बोलवायच्या विचारात आहे.

तिने सगळीकडे एकदा नजर फिरवली. मग चपला काढल्या. "ते शीड खाली घ्या," ती म्हणाली. मी खाली घेतलं. तिने डोलकाठीला जोडलेल्या आडव्या काठीवरून ते पसरलं, पितळी कड्या दोन्ही बाजूंना दोरीने बांधल्या, आणि खाली मस्त गार सावली झाली. उरलेल्या शिडाची तिने घडी घातली आणि होडीच्या तळाला अंथरली. "अस्तर लावलं ते बरं झालं," एवढं म्हणून ती आडवी झाली, आणि झोपली.

मी थर्मासमधला चहा प्यायलो. दुपार झाली. आणि मग पाण्यावर बारीक सुरकुती उठली, ती पसरत आमच्याकडे आली. वारा होता. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होतो तो, हळू पण न थांबणारा. मी आवाज न करता बॅग उघडली आणि पुढच्या बाजूला पांढरं शीड चढवलं. ते भरलं. होडीखाली पाणी बोलायला लागलं. समोरचा काठ, ज्याची मला फक्त झाडं ठाऊक होती, तिथे एक बाक दिसायला लागलं, बाकावर बसलेला माणूस दिसायला लागला. मी सुकाणू डावीकडे केलं, होडी डावीकडे वळली. होडी वाचली होती.

"पोचलो का?" हिने विचारलं.

डोळे मिटलेलेच होते. पण तो आवाज मला ओळखीचा होता. पहाटे गजर झाला की, घंटी वाजली की, दाराची बेल झाली की, ती उठायच्या आधी ह्याच आवाजात काहीतरी बोलते. तिचा पाय चपला शोधत होता. पोचलो म्हटलं की ती उठणार होती. उठून छत्री उघडणार, सँडविचं काढणार, काकूंना फोन लागतोय का बघणार.

मला फार वाईट वाटलं. कशाचं, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगतो. ही इतकी दमलेली आहे, हे मला शिडांचे सगळे प्रकार पाठ झाले तरी कळलं नव्हतं.

मी दोर सोडला. शीड खाली आलं, ते फडफडू नये म्हणून मी दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. "नाही अजून," मी म्हणालो. "वारा पडलाय."

"बरं," ती म्हणाली आणि कुशीवर वळली. शीड पोटाशी धरून मी बसून राहिलो आणि त्या वर्षातला सगळ्यात चांगला वारा माझ्या डोक्यावरून निघून गेला.

उन्हं कलल्यावर मी वल्ही बाहेर काढली. ती उठून बसली होती. अट तिचीच होती, पण वल्ह्यांकडे बघून तिने फक्त सँडविचं काढली. धक्क्यावर डॉक्टर होतेच.

"मग? झालं का पलीकडे जाऊन?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. खोटं बोलून उपयोग नव्हता, सेक्रेटरी दुर्बीण घेऊन उभे होते.

डॉक्टरांनी समजूतदारपणे मान हलवली आणि खिशातून टेप काढली. ही धक्क्यावर चढली. तिच्या गालावर शिडाच्या दुहेरी शिलाईचा वळ उमटला होता.

"डॉक्टर, होडी द्यायची नाही," ती म्हणाली.

"अहो पण वहिनी, ती चालत नाही ना."

"म्हणूनच," ही म्हणाली, आणि थर्मास माझ्या हातात देऊन चालायला लागली.

संध्याकाळी ती माझ्यामागे मलम घेऊन बसली. खांदा नेहमीपेक्षा जास्त धरला होता. आतून एकदा घंटी वाजली, ती जाऊन आली, परत चोळायला लागली. मी म्हणालो, "पुढच्या रविवारी येतेस?"

"येईन," ती म्हणाली. "एक उशी घ्या बरोबर. आणि ते पांढरं घरी ठेवा. तुम्ही ते वर चढवलंत ना, तेव्हा चांगली झोप लागली होती, ती मोडली."